सारथ्याची परीक्षा : मालमोटार हांकणाऱ्याच्या परवान्याचा पूर्वेतिहास

नागपुराहून जबलपुराकडे जाणारा जुना राजमार्ग कामठीची छावणी मागें टाकून कन्हान नदीच्या पुलावर येतो आणि नदीपलीकडील कन्हान गांवांतून मनसर व देवलापार यांच्या दिशेनें निघतो. कामठीची छावणी १८२१ सालीं वसली. पुढें मुंबई-हावडा लोहमार्ग या बाजूनें गेला व कन्हानहून रामटेकास जाणारा फांटा निघाला. विसाव्या शतकाच्या आरंभापासून रामटेककडील मँगनीज आणि नंतर कामठी, इंदर, गोंडेगांव येथील दगडी कोळसा यांमुळें येथील वाहतुकीचा भार वाढत गेला. १९७३ सालीं कोळशाच्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या, १९७५ सालीं वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी नागपुरास स्थापन झाली, आणि कोळशाचे टिप्पर हें या परिसरांतील नित्याचें दृश्य होऊन बसलें.

या गाड्या हांकणाऱ्या माणसाजवळ एक परवाना असतो. सरकारी भाषेंत त्यास अनुज्ञप्ति म्हणतात. लोकांच्या बोलण्यांत त्याचें 'लायसन' झालें आहे. त्या परवान्याच्या मुळाशीं एक प्रात्यक्षिक परीक्षा आहे. निरीक्षकानें बाजूस बसावें, उमेदवारानें गाडी हांकून दाखवावी, आणि पाहिलेल्या गोष्टीवरून निर्णय व्हावा, एवढीच ती परीक्षा. ती इतकी साधी दिसते कीं तिला कांहीं इतिहास असेल असें कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु दुसऱ्याचा माल व दुसऱ्याचा जीव ज्याच्या हातीं द्यावयाचा, तो मनुष्य त्या कामास योग्य आहे हें समाजानें कशावरून ठरवावें आणि केव्हां ठरवावें, हा प्रश्न फार जुना आहे. त्याचीं निरनिराळ्या काळीं दिली गेलेलीं उत्तरें क्रमानें मांडणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

१. धर्मशास्त्रांतील 'आप्त' व 'अनाप्त'

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत दंडपारुष्याच्या प्रकरणांत वाहनानें होणाऱ्या इजेचा विचार आला आहे. बैलाची वेसण तुटली, जूं मोडलें, आंस किंवा चाक मोडलें, दोऱ्या वा लगाम तुटले, अथवा बाजूस होण्याविषयीं सारथ्यानें मोठ्यानें ओरडूनहि कोणी हटलें नाहीं, तर दंड नाहीं असें तेथें सांगितलें आहे. यानंतरचा भाग आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचा आहे. सारथ्याच्या अकौशल्यामुळें गाडी मार्ग सोडून गेली व इजा झाली, तर दोनशें पणांचा दंड मालकावर पडतो. सारथि 'आप्त', म्हणजे आपल्या कामांत तरबेज असेल, तर दंड त्यानें स्वतः सोसावा. तो 'अनाप्त' असेल, तर गाडींत बसलेल्या प्रत्येकानें शंभर पण द्यावे.

या व्यवस्थेंतील तर्क सूक्ष्म आहे. ज्याला काम येतें त्यानें चूक केली तर ती त्याची. ज्याला काम येत नाहीं त्याच्या हातीं गाडी देणें ही देणाराची चूक, आणि अशा गाडींत जाणूनबुजून बसणें ही बसणाराची.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणांतील तेराव्या अध्यायांत हाच विचार निराळ्या अंगानें आला आहे. गाडी हांकणारा अज्ञान बालक असेल तर गाडींतील मालकास दंड. मालक नसेल तर जो गाडींत बसला असेल त्यास. हांकणारा वयांत आलेला असेल तर त्यास. बालकाच्या हातीं असलेली किंवा हांकणाऱ्यावांचून सुटलेली गाडी राजानें जप्त करावी असेंहि तेथें म्हटलें आहे. म्हैसूरच्या शामशास्त्री यांनीं हा ग्रंथ १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केला, म्हणजे मोटारींविषयींचे पहिले प्रांतिक कायदे झाल्यानंतर. त्या कायद्यांच्या कर्त्यांसमोर तो नव्हता. तरी २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत जी दुरुस्ती झाली, तिच्यांत अल्पवयी मुलानें गाडी चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा मालक यांस दोषी धरण्याची व गाडीची नोंदणी बारा महिन्यांकरितां रद्द करण्याची तरतूद आली. वस्तुस्थितीच्या रेट्यानें मनुष्य पुन्हां त्याच निर्णयापाशीं येतो, याचें हें एक उदाहरण म्हणतां येईल.

पण एक उणीव या दोन्ही स्थळीं सारखीच आहे. सारथि आप्त कीं अनाप्त हा प्रश्न विचारला जातो तो इजा झाल्यावर. ती आप्तता आधीं कोणीं व कशी पारखावी, हें तेथें सांगितलेलें नाहीं. अर्थशास्त्रांत रथाध्यक्षानें सारथ्यांच्या तयारीवर लक्ष ठेवावें असें आहे खरें. परंतु तें राजाच्या रथांपुरतें. लोकव्यवहारांत या प्रश्नाचें जें उत्तर रूढ होतें तें मनुस्मृतीच्याच दहाव्या अध्यायांत मिळतें: घोडे व रथ सांभाळणें हें सूत जातीचें काम. म्हणजे योग्यतेचा पुरावा जन्म.

२. कुंडिनपुरची परीक्षा आणि वैयाकरणाचा सूत

जन्मावरून योग्यता ठरविण्याच्या त्या काळींहि हात पाहून माणूस ओळखण्याची रीत लोकांस अपरिचित नव्हती. महाभारताच्या वनपर्वांतील नलोपाख्यान याची साक्ष देतें, आणि त्या कथेचें स्थळ आपल्या विदर्भांतलें आहे. नल राजा विरूप होऊन बाहुक या नांवानें अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे सारथ्य करीत होता. दमयंतीनें ऋतुपर्णाकडे निरोप धाडला कीं उद्यां सूर्योदयीं आपलें दुसरें स्वयंवर आहे. अयोध्या ते कुंडिनपुर हें अंतर एका दिवसांत तोडणारा सारथि नलावांचून दुसरा नाहीं, हें तिला ठाऊक होतें. बाहुकानें दिसावयास कृश असे घोडे निवडले तेव्हां ऋतुपर्णास शंका आली. बाहुकानें त्यांचीं लक्षणें सांगून ती दूर केली. वाटेंत राजाचें उपरणें पडलें, आणि तें उचलण्याविषयीं त्यानें सांगेपर्यंत तें एक योजन मागें राहिलें होतें. रथ कुंडिनपुरांत शिरला तेव्हां त्याच्या घरघराटावरून दमयंतीच्या मनांत नलाची शंका जागी झाली.

अमरावती जिल्ह्यांत वर्धा नदीच्या कांठीं असलेलें कौंडण्यपूर तें हेंच कुंडिनपुर, अशी परंपरा आहे. कथेची ऐतिहासिकता हा येथें प्रश्न नाहीं. तिच्यांत दिसणारी दृष्टि महत्त्वाची आहे. उमेदवाराचें नांव खोटें, रूप पालटलेलें, कुल अज्ञात. तरी खरी गाडी, खरे घोडे, खरें अंतर व ठरलेली वेळ यांवरून निर्णय झाला. प्रात्यक्षिक परीक्षेचीं सारीं अंगें यांत आलीं आहेत.

दुसरी गोष्ट पतंजलीच्या महाभाष्यांतील आहे. तिचा मराठी वाचकांस परिचय वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांच्या भाषांतरानें सुलभ झाला. 'अज्' म्हणजे हांकणें, या धातूच्या जागीं 'वी' हा आदेश होतो असें सांगणाऱ्या सूत्रावर ती आली आहे. एक वैयाकरण रथ पाहून त्याचा 'प्रवेता' कोण असें विचारतो. सूत उत्तर देतो कीं 'प्राजिता' मी आहें. तो शब्द अशुद्ध असल्याचें वैयाकरण सांगूं लागतो, तेव्हां सूत त्यास ऐकवितो कीं आपणांस नियम कोठें लागू पडतो तें कळतें, पण प्रयोगांत काय इष्ट आहे तें कळत नाहीं. पतंजलीनें आपल्याच पंथाच्या पंडितास रथ हांकणाऱ्याकडून निरुत्तर करविलें आहे. मनुस्मृतींत सारथ्यास 'प्राजक' म्हटलें आहे, तोहि याच धातूचा शब्द. शब्दांच्या क्षेत्रांतसुद्धां पतंजलीनें प्रयोगास एवढा मान दिला, तर जेथें प्रयोग हेंच सर्वस्व आहे त्या गाडी हांकण्याच्या कलेंत तो किती द्यावा, हें सांगणें नलगे.

३. टांग्याच्या परवान्यापासून मोटारीच्या परवान्यापर्यंत

इंग्रजी अमलांत भाड्याच्या वाहनांचें नियमन कायद्यानें सुरू झालें. मुंबई शहराकरितां १८६३ सालीं तसा कायदा झाला, व पुढें १९२० च्या कायद्यानें त्याची जागा घेतली. मध्यप्रांतासारख्या प्रांतांतील नगरपालिका व छावण्या यांस भाड्याच्या गाड्यांविषयीं नियम करण्याचा अधिकार १८७९ च्या चौदाव्या कायद्यानें मिळाला. या जुन्या नियमनाचा भर गाडी, जनावर, भाडें, बसणाऱ्यांची संख्या यांवर होता. परवान्याचा व बिल्ल्याचा मुख्य उपयोग माणूस ओळखतां यावा, तक्रार कोणाविरुद्ध करावयाची हें कळावें, हा होता. टांगा हांकण्याचें ज्ञान बापाकडून मुलाकडे जात असे. चाल बिघडली तर तिचा अर्धा दोष सांवरणारा घोडाहि गाडीला असे.

मोटारीला असा सांवरणारा नाहीं. हांकणाऱ्याचा हात चुकला तर यंत्र ती चूक जशीच्या तशी, किंबहुना अनेक पटींनीं वाढवून, रस्त्यावर उमटवितें. म्हणूनच परीक्षेची कल्पना मोटारीबरोबर आली. पॅरिसच्या पोलिसांनीं १४ ऑगस्ट १८९३ रोजीं हुकूम काढून यांत्रिक वाहनें चालविणाऱ्यास योग्यतेचा दाखला आवश्यक केला. प्रशियांत १९०३ सालीं अशी परीक्षा आली. इंग्लंडांत मात्र १९०३ च्या कायद्यानें परवाना आला तरी परीक्षा आली नाहीं. ठरलेली फी भरली कीं परवाना हातीं पडे. तेथें परीक्षेची सक्ती झाली ती १ जून १९३५ पासून.

हिंदुस्थानांत १८९८ च्या सुमारास मुंबईस मोटारी दिसूं लागल्या. बंगाल प्रांतानें १९०३ सालीं व मुंबई प्रांतानें १९०४ सालीं आपापले कायदे केले. १९१४ सालीं साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानाकरितां एक कायदा झाला. त्यानें परवान्याचें तत्त्व सर्वत्र नेलें, पण पुष्कळसा तपशील प्रांतिक सरकारांच्या नियमांवर सोपविला. परीक्षेस अखिल भारतीय व रेखीव रूप मिळालें तें १९३९ च्या चौथ्या कायद्यानें.

या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टांत परीक्षेचीं कलमें दिलीं होतीं. इंजिन सुरू करणें. सरळ अथवा तिरपी गाडी काढणें. दुसऱ्या वाहनास मागें टाकणें, सामोरें जाणें वा त्याचा मार्ग ओलांडणें. डावें-उजवें वळण बरोबर घेणें. एकाएकीं व नेहमींच्या रीतीनें गाडी थांबविणें. मागें जात असतां अरुंद जागेंत गाडी घालणें. पुढच्या-मागच्या गतीनें गाडीचें तोंड फिरविणें. हातानें खुणा देणें व इतरांच्या खुणा ओळखून वागणें. दुसऱ्या भागांत रस्त्याचे नियम व खुणांच्या पाट्या यांचें ज्ञान पाहावयाचें असे. पहिला भाग हाताचा व दुसरा स्मरणाचा. आणि कायद्यानें हाताला पहिलें स्थान दिलें.

याच कायद्यानें आणखी एक भेद केला. स्वतःची मोटार हांकणारा एक, आणि पगार घेऊन किंवा भाड्याची गाडी हांकणारा दुसरा. दुसऱ्याच्या परवान्यावर तसा स्पष्ट अधिकार नमूद असला पाहिजे, व वाहतुकीच्या गाडीसाठीं त्याचें वय वीस वर्षांचें असलें पाहिजे, अशी योजना होती. मनूनें मालक, सारथि व बसणारे यांच्यांत जबाबदारी वांटली होती. येथें ती वांटणी परवान्याच्या वर्गवारींत उतरली. तिचें कारण उघड आहे. भाड्याच्या गाडींत बसणारा मनुष्य सारथि निवडीत नाहीं. रस्त्यानें पायीं जाणारा तर मुळींच निवडीत नाहीं. त्यांच्या वतीनें कोणीतरी आधींच पारख केली पाहिजे, आणि ती करणारा निरीक्षक हा त्या अपरिचितांचा प्रतिनिधि असतो.

४. आजची परीक्षा व तिच्या कलमांचा अर्थ

१९३९ च्या कायद्याची जागा १९८८ च्या कायद्यानें घेतली व तो १ जुलै १९८९ पासून अमलांत आला. वाहतुकीच्या गाडीसाठीं वीस वर्षांची अट कायम राहिली. शिवाय हलकें वाहन चालविण्याचा परवाना निदान एक वर्ष जवळ असल्यावांचून अशा गाडीचा शिकाऊ परवानाहि मिळूं नये असें ठरलें. केंद्रीय नियमांतील पंधराव्या नियमांत परीक्षेचीं कलमें विस्तारानें आलीं. त्यांतील तीन कलमें मालमोटारीच्या बाबतींत विशेष अर्थपूर्ण आहेत.

पहिलें, चढावर गाडी थांबवून ती मागें न घसरतां पुन्हां काढणें. येथें क्लच, गति देणारा पेडल व हातब्रेक यांचा मेळ क्षणांत साधावा लागतो. पुलाच्या चढावर रांगेंत उभ्या असलेल्या भरल्या गाडीनें हातभर माघार घेतली, तर तिच्या मागें उभा असलेला दुचाकीस्वार चिरडला जाईल. दुसरें, उतारावर वेळींच खालचा गिअर टाकणें. उताराचा सारा भार ब्रेकवर टाकला तर ते तापतात व त्यांची पकड मंदावते. खालच्या गिअरांत इंजिनच गाडीस आवरून धरतें. तिसरें, मागें जात अरुंद जागेंत शिरणें आणि वळणें बरोबर घेणें. लांब गाडीचीं मागचीं चाकें पुढच्या चाकांच्या मागावरून जात नाहींत. तीं आंतल्या बाजूनें, अधिक आंखूड वाटेनें जातात. गांवाच्या कोपऱ्यावर गाडीच्या आंतल्या अंगास असलेला सायकलवाला याच कारणानें सांपडतो. हें पुस्तकांत वाचून कळतें, पण आरशांत पाहून तें अंतर मोजण्याची संवय हातास व डोळ्यास लागावी लागते.

परीक्षा ज्या प्रकारच्या गाडीचा परवाना हवा त्याच प्रकारच्या गाडीवर घ्यावी, असा नियम आहे. हें तत्त्व उत्तम आहे. पण नियम गाडीचा प्रकार सांगतो, तिच्यावरील भाराविषयीं बोलत नाहीं. रिकामा टिप्पर आणि कोळशानें भरलेला टिप्पर हीं कागदावर एकच वाहन असलीं, तरी थांबण्यास लागणारें अंतर, वळणावरचा झोंक व चढावरची ओढ या तिन्ही बाबतींत तीं दोन निराळीं जनावरें आहेत.

कन्हान हें पारशिवनी तालुक्यांतील गांव नागपूर ग्रामीण परिवहन कार्यालयाच्या कक्षेंत येतें, आणि येथील गाड्यांवर एमएच-४० हा क्रमांक दिसतो. येथील ट्रकचालकाची खरी शाळा मात्र कोणत्याहि कार्यालयांत नाहीं. ती गाडीच्या केबिनमध्यें भरते. पोरगा क्लीनर म्हणून लागतो. लोक त्यास किन्नर म्हणतात. तो गाडी धुतो, चाकाखालीं दगड लावतो, मागें जातांना बाजूस उभा राहून हांका देतो, आणि उस्ताद प्रसन्न असेल त्या दिवशीं मोकळ्या जागेंत त्याच्या हातीं चक्र येतें. गुरुगृहींच्या अध्ययनाचीच ही रीत आहे. हिच्यांत हात तयार होतो, परंतु उस्तादाचे दोषहि शिष्याकडे जसेच्या तसे येतात. ते दोष निवडून काढणारी सरकारी चाळणी म्हणजे ही परीक्षा.

५. आठवीचा दाखला

२००७ सालीं या परीक्षेच्या दारांत एक निराळाच द्वारपाल उभा राहिला. वाहतुकीच्या गाडीचा नवा परवाना मागणारा मनुष्य निदान आठवी इयत्ता उत्तीर्ण असला पाहिजे, अशी अट केंद्रीय नियमांत आली. ज्यांच्याजवळ आधींच परवाना होता त्यांस नूतनीकरणासाठीं ती लागू नव्हती, नव्यांस होती. पाट्या वाचतां याव्यात, नियम समजावे, हा तिचा हेतु वरवर योग्य दिसतो.

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य शाळेंत गेलें आहे, व शिक्षणाची महती कमी लेखण्याचा त्याचा मुळींच हेतु नाहीं. परंतु शाळेचा दाखला कशाचा पुरावा आहे हें शाळामास्तराइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार ? मुलगा अमुक वर्षें वर्गांत बसला व अमुक विषयांत उत्तीर्ण झाला, एवढेंच तो सांगतो. चढावर गाडी मागें घसरेल कीं नाहीं, याविषयीं तो मूक आहे. पाटी वाचतां येते कीं नाहीं हें पाहावयाचें असेल तर परीक्षेच्या वेळीं पाटी दाखवावी. त्यासाठीं बालपणीं शाळा सुटली त्याची शिक्षा तिशींतल्या माणसास देण्याचें कारण नाहीं. खाणींच्या व वीटभट्ट्यांच्या भागांत शाळा सुटते ती बहुधा मुलाच्या इच्छेनें सुटत नाहीं. ज्याचा हात तयार आहे, पण ज्याच्याजवळ दाखला नाहीं, अशा मनुष्यापुढें मग दोनच वाटा राहतात : उस्तादाच्या शेजारीं जन्मभर किन्नर म्हणून राहणें, किंवा विकत मिळणारा कागद शोधणें. दुसऱ्या वाटेनें गेलेल्या माणसाची परीक्षा कधींच होत नाहीं, हें त्या अटीचें सर्वांत मोठें अनिष्ट होय. पूर्वीं जन्म विचारला जात होता. आतां कागद विचारला गेला. हात पाहण्याचें दोन्हीकडे राहून गेलें.

२०१९ सालीं ही अट काढून टाकण्यांत आली. हरियाणा सरकारनें मेवात भागांतील, जेथें पुष्कळांची उपजीविका गाडी हांकण्यावर आहे, अशा लोकांची अडचण केंद्र सरकारपुढें मांडली होती. अट काढतांना प्रशिक्षण व कौशल्याची कसोटी यांवर भर देण्याचें सरकारनें सांगितलें. दाखल्याची अट गेल्यानें परीक्षेची जबाबदारी वाढली आहे, कारण आतां निरक्षर चालक व रस्त्यावरचा पादचारी या दोघांमध्यें तिच्यावांचून दुसरी भिंत नाहीं.

६. अपघातानंतरचा न्याय

ही भिंत जेथें पोकळ असते तेथें समाज पुन्हां मनूच्या काळांत जातो, म्हणजे सारथ्याची आप्तता अपघात झाल्यावर ठरवूं लागतो. आपल्या न्यायालयांतील विम्याचे दावे याची साक्ष आहेत. १९८७ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आलेल्या एका दाव्यांत ट्रकचालक इंजिन चालू ठेवून खाद्यपदार्थ आणावयास खालीं उतरला, आणि परवाना नसलेल्या क्लीनरनें गाडी हांकली. मालकानें परवानाधारक चालक नेमला होता. त्यानें स्वतः अट मोडली नाहीं, म्हणून विमा कंपनीस जबाबदारीतून सुटतां येत नाहीं, असा निर्णय झाला. २००४ सालीं तीन न्यायाधीशांच्या पीठानें हें तत्त्व अधिक स्पष्ट केलें : चालकाचा परवाना खोटा किंवा अपुरा असला तरी, मालकानें योग्य चालक नेमण्यांत वाजवी काळजी घेतली नाहीं हें विमा कंपनीनें सिद्ध केलें पाहिजे. अनाप्त सारथि नेमणाऱ्या मालकास मनूनें जो प्रश्न विचारला, तोच हा प्रश्न होय.

परवान्याच्या वर्गवारीचाहि असाच खल झाला. १९९४ च्या दुरुस्तीनें मध्यम व जड वाहनांचे निरनिराळे वर्ग जाऊन 'परिवहन वाहन' असा एकच वर्ग आला. त्यामुळें हलक्या वाहनाचा परवाना असलेल्यानें लहान मालगाडी चालविली तर तो परवाना पुरेसा कीं नाहीं, असा वाद उद्भवला. साडेसात हजार किलोपर्यंत भरवजन असलेल्या गाडीस तो पुरेसा आहे असें २०१७ सालीं तीन न्यायाधीशांनीं ठरविलें, आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजीं पांच न्यायाधीशांच्या घटनापीठानें तें कायम केलें. या निर्णयानें असंख्य लहान चालकांची रोजी वांचली. पण त्याचबरोबर हेंहि ध्यानांत घ्यावें कीं, अशा चालकाची परीक्षा हलक्या गाडीवर झाली तेवढीच. तीच परीक्षा आतां त्याच्या मालगाडीलाहि पुरवावयाची आहे.

न्यायालयाचा निवाडा कितीहि न्याय्य असो, तो मिळेपर्यंत वर्षें जातात, आणि दावा लावणारा बहुधा विधवा किंवा अपंग असतो. प्रात्यक्षिक परीक्षेस लागणारीं थोडीं मिनिटें काटकसरीनें वापरलीं, तर त्यांची भरपाई कोणास तरी अशा रीतीनें करावी लागते.

७. उपसंहार

२०२१ च्या जुलैपासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची नवी योजना सुरू झाली आहे. तेथें मध्यम व जड वाहनांचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत अडतीस तासांचा ठेविला असून, तो पुरा करून उत्तीर्ण होणाऱ्यास परिवहन कार्यालयांतील परीक्षेपासून सूट आहे. ठिकठिकाणीं आठच्या आकड्याच्या यंत्रनियंत्रित मार्गांवर परीक्षा घेण्याकडेहि कल आहे. यंत्राचा डोळा लांच घेत नाहीं, हा त्याचा गुण. पण आंखलेल्या मार्गावर बैलगाडी आडवी येत नाहीं, ही त्याची मर्यादा.

'परीक्षा' हा शब्द 'परि' व 'ईक्ष्' यांपासून झाला आहे. सभोंवार, सर्व बाजूंनीं पाहणें हा त्याचा मूळ अर्थ. परीक्षा कार्यालयांत घ्यावी, केंद्रांत घ्यावी कीं यंत्राकडून घ्यावी, हा गौण प्रश्न आहे. खऱ्या गाडीवर, शक्य तेथें भरल्या गाडीवर, खऱ्या रस्त्यावर कोणीतरी तें पाहिलें पाहिजे. तसें पाहिलें जात असेल तर चालकाचें कुल, त्याची शाळा, त्याची भाषा यांविषयीं विचारण्याचें कांहीं प्रयोजन उरत नाहीं. कन्हानच्या किन्नरास याहून मोठा न्याय नाहीं, आणि कन्हानच्या पादचाऱ्यास याहून मोठें संरक्षण नाहीं.

शेवटीं संशोधकांस एक सूचना. या विषयाचीं अस्सल साधनें अजून घराघरांतून पडून आहेत. टांगेवाल्यांचे पितळी बिल्ले, १९३९ पूर्वींचे प्रांतिक परवाने, छायाचित्रें डकवलेलीं जुनीं लायसन-पुस्तकें, ट्रकमालकांच्या नेमणुकीच्या चिठ्ठ्या, हीं सारीं इतिहासाचीं साधनें आहेत. पण ताम्रपट वा सनदा यांच्याप्रमाणें त्यांची कोणी निगा राखीत नाहीं. चालक वारला कीं बिल्ला मोडींत जातो व परवाना चुलींत. कामठी, कन्हान, रामटेक, सावनेर या भागांत राहणाऱ्या वाचकांनीं असे कागद व बिल्ले आढळल्यास त्यांची नक्कल अथवा छायाचित्र करून, तारीख व ठिकाण यांच्या नोंदीसह, संग्रहालयाकडे द्यावें. राजांच्या सारथ्यांचीं नांवें काव्यांनीं राखून ठेविलीं. या मार्गावर शंभर वर्षें भार वाहून नेणाऱ्यांचीं नांवें राखण्यास एवढेच तुकडे उरले आहेत.